तपासणीची ओळ

कावेरीने फ्लॉपीची पत्र्याची पट्टी बाजूला सरकवली, हलकी फुंकर मारली आणि फ्लॉपी खाचेत ढकलली. फुंकर मारून काही होत नाही हे तिला ठाऊक होतं. उलट तोंडाची वाफ आत जाते. पण बीडमधले सगळेच टायपिंगवाले फुंकर मारत, आणि काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तेवढ्यानेही धीर येई.

आज पलीकडे ल्हामो उभी होती. समोरच्या रस्त्याकडेला दिवाळीनंतर तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागत, त्यातलं पहिलं तिचं. इतक्या हिवाळ्यांत ती बीडची भाषा बोलायला शिकली होती, आणि गिऱ्हाईक शाळकरी पोर असो की नव्वदीची म्हातारी, ती सगळ्यांना ताईच म्हणत असे. कावेरी तिला मावशी म्हणायची.

पडद्यावर पान उघडलं. त्यात इंग्रजी अक्षरं होती, टक्क्याच्या खुणा, कंस, अर्धवट आकडे. सगळं एकमेकांना चिकटलेलं.

ल्हामोने चष्मा वर सरकवला.

"हे आमचं न्हाई."

"तुमचंच आहे, मावशी. फॉन्ट बसवला नाही अजून."

फ्लॉपीत दोन फायली होत्या. ल्हामोचा भाचा कर्नाटकात, मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतल्या मठात कॉम्प्युटर शिकला होता, त्याने त्या दिल्या होत्या. एकीत मजकूर, दुसरीत तिबेटी अक्षरांचा फॉन्ट. कावेरी फॉन्ट मशीनमध्ये चढवू लागली. हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. लग्नाआधी दोन वर्षं तिने शाळेत विज्ञान शिकवलं होतं, त्यामुळे कोणी समोर गप्प उभं राहिलं की ती आपोआप समजावून सांगायला लागे. मशीनच्या आत अक्षर नसतंच, ती म्हणाली, आत नुसता आकडा असतो. आपण कळ दाबतो तेव्हा आकडा जातो. त्या आकड्याला कुठला चेहरा द्यायचा ते फॉन्ट ठरवतो. तोच आकडा इंग्रजीत डॉलर दिसेल, मराठीत अर्धा स दिसेल, तुमच्याकडे आणखी काही.

"म्हणजे मागं एकच, तोंडं निराळी," ल्हामो म्हणाली.

"हो."

फॉन्ट बसला. कावेरीने कोरं पान घेतलं आणि फॉन्ट नीट चालतो का हे पाहायला नेहमीची तपासणीची ओळ मारली. ती ओळ तिच्या बोटांना पाठ होती. तिच्यासाठी डोकं लागत नसे. पडद्यावर तिबेटी अक्षरं उमटली. वरून सपाट, खाली निमुळती होत गेलेली. प्रत्येकाला स्वतःपुरती शिरोरेषा. काहींच्या पोटाखाली दुसरं अक्षर बसलेलं. फॉन्ट चालत होता. तिने ती ओळ पुसली आणि मजकुराची फाईल उघडली.

ल्हामो पडद्याकडे बघत राहिली. मग काउंटरवरून वाकली आणि पडद्याच्या काचेला दोन बोटं टेकवून ती कपाळाला लावली.

"आमची अक्षरं टीव्हीत आली," ती म्हणाली.

मजकूर म्हणजे एकच ओळ होती, सहा अक्षरांचा मंत्र. ल्हामोने तो म्हणून दाखवला. ही ओळ पानभर पुन्हा पुन्हा छापायची, जितकी बारीक तितकी चांगली, कारण तितकी जास्त मावते. अशी पानं छापून त्यांच्या लांब पट्ट्या कापायच्या, त्या एकमेकींना चिकटवून मधल्या लाकडी दांड्याभोवती घट्ट गुंडाळायच्या आणि ते भेंडोळं प्रार्थनेच्या चाकात भरायचं. तिकडे वसाहतीत रस्त्याच्या वळणावर पिंपाएवढं चाक आहे. येता-जाता माणसं ते हाताने फिरवतात. एक फेरा झाला की आतलं सगळं एकदा म्हटल्यासारखं होतं.

"आत काय लिहिलंय ते कोण वाचतं?" आतून रवीने विचारलं. कावेरीचा नवरा मागच्या खोलीत ऑफसेट मशीन पुसत होता.

"कोणी न्हाई वाचत. आत असायला पायजे."

या चाकाची देखभाल ल्हामोच्या आईकडे होती. म्हातारी रोज पहाटे जाऊन ते फिरवायची. गेल्या पावसाळ्यात ती गेली. नंतर चाकाला रंग द्यायचा म्हणून झाकण उघडलं, तर आत वाळवीची माती. कागद सगळा खाल्लेला.

"किती वरसं झालती खाऊन, कोणाला म्हाईत? आई रिकामं चाक फिरवत होती." ल्हामोने शालीचं टोक सारखं केलं. "हलकं झालतं ना ते. आई खूश होती. म्हणायची, माझे हात सुधारले."

रवी हसला. मग त्याचं हसू मधेच थांबलं, कारण दोघींपैकी कोणीच हसत नव्हतं. ल्हामोची माणसं आता लवकरच गाठोडी बांधणार होती. त्यांच्या नव्या वर्षाच्या आधी चाक भरायचं, असं तिने सगळ्या वसाहतीसमोर कबूल केलं होतं. तिकडच्या छापखान्यात सणाआधी लई गर्दी. आणि छापताना एक अक्षरसुद्धा चुकायला नको.

"चुकणार नाही," कावेरी म्हणाली.

ती खरंच चुकत नसे. तिच्याकडे येणाऱ्या पत्रिकांत, हँडबिलांत, गावोगावच्या निवडणुकांच्या पत्रकांत वर्षभरात कोणी बोट ठेवू शकलं नव्हतं. आधी कधीमधी चुका व्हायच्या. या वर्षात नाही.

तिने त्या ओळीचे वेगवेगळ्या आकारांत नमुने काढले आणि भिंगाखाली धरले. अगदी बारीक केलं की अक्षरांची पोटं शाईने भरून जात, खालच्या अक्षराचा पाय तुटे. त्याच्या एक पायरी वरचा आकार तिने ठरवला. ल्हामो नमुना घेऊन उन्हात गेली, गाठोड्यावर बसून तिने तो ओठ हलवत वाचला आणि परत येऊन मान हलवली. बरोबर होतं.

"मावशी, एक सांगा," रवी दारात येऊन म्हणाला, "बीडात थंडी पडती कुठं? तुमी एवढी स्वेटरं इकता कोणाला?"

"थंडी न्हाई पडत. लोक घेतात. लेकराला घालून बघायला बरं वाटतं."

बोलून झाल्यावर ल्हामोने खाली पाहिलं. रवीही आत गेला. कावेरी भिंग पुसून खोक्यात ठेवत होती.

गेल्या हिवाळ्यात त्या गाठोड्यांवर कावेरीची मुलगी बसलेली असायची. सहा वर्षांची. शाळा सुटली की दप्तर काउंटरखाली सरकवायची आणि रस्ता ओलांडून ल्हामोकडे. स्वेटरं रंगांप्रमाणे लावायचं काम तिने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. ल्हामो तिला छोटी म्हणायची. तिबेटी लोक आवराआवर करून गेले, आणि त्यानंतर आठवड्याभरात मुलीला ताप आला. तो मेंदूत गेला. औरंगाबादला न्यायला निघालेली जीप शहागडच्या पुलापर्यंत पोचली होती. तिथून ती वळवून चौसाळ्याला आणली. तिथे सासऱ्यांच्या शेतात मुलीला माती दिली.

या दिवाळीनंतर ल्हामो आली तेव्हा गाठोडी सोडताना तिने दोन-तीनदा दुकानाच्या पायरीकडे पाहिलं होतं. चहावाल्याने तिला काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने ती काउंटरशी आली, हात काउंटरवर ठेवून उभी राहिली, मग शंभराचे सुटे मागितले आणि गेली. त्यानंतर त्या विषयावर तिने एक शब्दही काढला नाही.

बाकीच्यांनी काढला होता. पहिले काही महिने बायका येऊन बसत, कावेरीच्या तोंडाकडे पाहत आणि उठून जात. ती रडली नव्हती. मुलीला खाली ठेवलं तेव्हाही नाही. दगड हाय, असं कोणीतरी म्हणालं. ते तिच्यापर्यंत पोचलं आणि तिला त्यात चूक काही वाटलं नाही. ती वेळेवर उठे, स्वयंपाक करी, दुकान उघडी. तिखट-मीठ बरोबर पडे, पण जेवताना ते जिभेला कळत नसे. मुलीचं नाव मात्र तिने घेतलं नव्हतं. कोणी घेतलं की ती उठून पाणी भरायला जाई. हळूहळू घरात ते कोणीच घेईनासं झालं.

पुढच्या आठवड्यात वर्ष होत होतं. पेपरात पहिल्या पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायची होती. असल्या जाहिराती कावेरी रोज करायची. कोणाचे वडील, कोणाची सून; चौकट, फोटो, तारीख, शोकाकुल मंडळींची नावं. ती त्या जुळवून देई, नातेवाईक डोळे पुसत वाचत आणि ती चहा मागवे. स्वतःच्या मुलीची चौकट तिने करून ठेवली होती. फोटोची जागाही सोडली होती. त्याखाली काही नव्हतं. मशीन चालवणं रवीचं, अक्षरं तिची, अशी त्यांची वाटणी होती. रवीने एकदा हळूच म्हटलं, दुसरीकडून करून आणू का. ती म्हणाली, नको, मी करते. त्याला आठ दिवस होऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी ल्हामोचं पान तयार झालं आणि वीज गेली.

परत आली तेव्हा मशीन सुरू झालं, पण पान जागेवर नव्हतं आणि तिबेटी फॉन्टही यादीतून नाहीसा झाला होता. असं होई. कावेरीने फ्लॉपी पुन्हा घातली. तेवढ्यात चौसाळ्याहून मन्मथअप्पा आले, तिचे सासरे. त्यांचं तिथे हायवेला किराणा दुकान होतं. बाजाराच्या निमित्ताने ते आठवड्यातून एकदा बीडला येत. धोतराचा सोगा सावरत ते काउंटरजवळच्या खुर्चीत टेकले आणि खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो काढून त्यांनी काउंटरवर पालथा ठेवला.

"शाळेतला हाय. तुझ्या सासूनं काढून दिला."

"ठेवा, अप्पा."

"मजकूर झाला का?"

"करते."

फॉन्ट बसला. तिने कोरं पान घेतलं, तपासणीची ओळ मारली, अक्षरं आली. पुसायच्या आधी ती अप्पांसाठी पाणी आणायला उठली. परतली तेव्हा ते रवीशी बोलत होते.

"कावून लागतंय एवढा येळ? धा लोकांचे रोज करती ही."

 हातातल्या चिंधीने रवी बोटांच्या बेचक्या पुसत राहिला.

कावेरी खुर्चीवर बसली. मंत्राची ओळ उचलली आणि पानाच्या माथ्यापासून चिकटवायला सुरुवात केली. एक, मग दोनाच्या चार, चाराच्या आठ. पान वरून भरत गेलं आणि आधीचं जे काही होतं ते खाली खाली सरकत गेलं. तिचे डोळे पडद्यावर होते.

"कावेरी," अप्पा म्हणाले. आवाज त्यांनी खाली आणला होता. "मी काय रागावलो न्हाई. तुझी सासू म्हणती, घरात पोरीचं नाव निघत न्हाई. आमी म्हातारी माणसं, आमी घेतलं तर तू उठून जाती. घरात न्हाई तर न्हाई. पेपरात तरी येऊ दे एक डाव."

"करते, अप्पा."

"गुरुवारपर्यंत द्यावं लागतंय ना पेपरला?"

"हो."

त्यांनी पाणी प्यायलं, तांब्या पालथा घातला आणि उठले. दारापाशी चप्पल घालताना त्यांचा हात चौकटीवर जरा जास्त वेळ राहिला. ते गेल्यावर रवीने घाई केली. ऑफसेटची प्लेट बनवणारा माणूस दुपारनंतर सापडत नसे. कावेरीने पान ट्रेसिंग कागदावर छापून रवीच्या हातात दिलं. एरवी ती शेवटची प्रत भिंगाखाली धरत असे. त्या दिवशी तिने काउंटरवरचा फोटो उचलला, न उलटता ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर लावून घेतला.

छापलेली पानं वाळायला दोन दिवस लागले. ल्हामो ती न्यायला आली तेव्हा समोर तिचं दुकान निम्मं मोडलं होतं. बांबू रस्त्यावर आडवे पडले होते आणि गाठोड्यांवर सुतळी चढत होती. मागच्या खोलीत रवीचं ऑफसेट दुसऱ्याच कुणाची पत्रकं खटाखट ओढत होतं. त्याने ल्हामोच्या पानांचा गठ्ठा आणून कटिंग मशीनच्या टेबलावर ठेवला. कापायच्या आधी ल्हामोला एकदा बघायचं होतं. तिने हात कमरेला पुढून बांधलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाला पुसले, वरचं पान उचललं आणि एकेका ओळीवर बोट फिरवत वाचू लागली. ओठ हलत होते. कावेरी तिच्या बाजूला उभी राहून वाट पाहत होती. बोट खाली आलं, अगदी तळाला, आणि थांबलं.

"ताई, हे काय हाय?"

"काय?"

"इथं. खाली. हे आमचं न्हाई."

शेवटची ओळ बाकीच्यांपेक्षा आखूड होती. पानाच्या मधेच संपत होती.

"अक्षरं तर तुमचीच दिसतात."

"अक्षरं आमची. बोल न्हाई." ल्हामोने चष्मा काढून पान डोळ्यांजवळ नेलं आणि वाचून पाहिलं. एक अक्षर, दुसरं, मग घशातून कसलासा आवाज. "जीभ पुढं जात न्हाई. हे कोणी असं बोलत न्हाई. तीनदा लिवलंय. तेच तेच तीनदा."

तिचा चेहरा उतरला होता. हे पान चाकात गेलं तर आईच्या नावाने काय भरलं म्हणून सांगायचं, असं ती स्वतःशीच पुटपुटली.

कावेरी मशीनशी गेली. फाईल उघडून ती तळाला पोचली. ती ओळ तिथे होती. मशीनने आपल्या मनाने काही केलेलं नव्हतं. कोणीतरी कळा दाबल्या होत्या, आणि या दुकानात कळा दाबणारी ती एकटीच होती. नेमके कुठले आकडे गेले ते बघायला हवं. तिने ती ओळ काळी करून घेतली, फॉन्टांची यादी उघडली आणि नेहमीच्या मराठी फॉन्टवर माऊसने टिचकी मारली.

पडदा क्षणभर थबकला. मग वरची सगळी पानभर तिबेटी अक्षरं जागच्या जागी राहिली आणि त्यांच्या खाली देवनागरीत उमटलं:

स्वप्नाली स्वप्नाली स्वप्नाली

कावेरीने अर्धा प न ला नीट टेकलाय का ते पाहिलं. टेकला होता. वेलांटी ल वर बरोबर बसली होती.

हे ती नेहमीच पाहायची. पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा मुलगी मांडीवर बसायची, आणि कुठलाही नवा फॉन्ट तपासायला कावेरीने तिचं नाव निवडलं होतं. त्यात अर्धा स आहे, अर्धा प आहे, काना आहे, दीर्घ वेलांटी आहे. एवढं नीट आलं की फॉन्ट बहुतेक ठीक असतो. तीनदा अशासाठी की दोन शब्दांतलं अंतरही कळावं. वर्षभरात कुठला नवा फॉन्ट दुकानात आला नव्हता. ल्हामोचा पहिलाच.

तिचा हात माऊसवर तसाच राहिला. ल्हामोच्या मागे रवी येऊन उभा होता. त्याने पडदा पाहिला.

"कधी मारलीस?" त्याने विचारलं.

"परवा. लाईट आल्यावर." मग ती म्हणाली, "त्याच्या आधी पण मारली होती. पहिल्या दिवशी. ती पुसली."

रवी आणखी काही विचारेल असं वाटलं. पण तो ल्हामोकडे वळला. ती त्या दोघांच्या तोंडांकडे पाहत होती. पडद्यावरचं तिला वाचता येत नव्हतं. रवीने तिला सांगितलं की घाबरायचं कारण नाही, पान वाया गेलेलं नाही. ही तपासायची ओळ होती, चुकून राहून गेली. अगदी खाली आहे. एवढी पट्टी कापून टाकतो, वरचं सगळं तुमचं तुम्हाला बिनचूक.

त्याने गठ्ठा ठोकून सारखा केला, मशीनखाली सरकवला आणि वरचं चाक फिरवून दाबून बसवला. पातं खाली आलं. पानांच्या तळाची बोटभर रुंदीची पट्टी सुटून पुढे पडली. एकीवर एक शेकडो पट्ट्या. त्या थोड्या घसरल्या आणि टेबलभर पसरल्या. रवीने दोन्ही हातांनी त्या गोळा केल्या आणि कोपऱ्यातल्या कातरणांच्या पोत्याकडे निघाला.

ल्हामोने त्याचं मनगट धरलं.

"तिथं न्हाई."

"चुकीचंच हाय ना मावशी ते? तुमीच म्हणलात."

"चुकीचं असू दे. आमचं अक्षर हाय. पोत्यात पाय पडतो, रस्त्यावर जातं. आमच्यात अक्षर टाकत न्हाईत."

"मग? जाळायचं?"

"जाळतात बी." ती त्याच्या हातातल्या पट्ट्या आपल्या ओच्यात घेऊ लागली. एक खाली पडली, ती उचलून तिने कपाळाला लावली. "न्हाईतर आतच घालतात. लई मोठं चाक हाय. दांड्याजवळ भरायला काय ना काय लागतंच. अक्षर असलं म्हणजे झालं."

"पण तुमचा मंत्र नाही तो," कावेरी म्हणाली.

"मंत्र वरून गुंडाळायचा. हे सगळ्यात आत."

ल्हामो स्टुलावर बसली. ओच्यातली एक पट्टी तिने सरळ केली, करंगळीभोवती गुंडाळायला घेतली आणि थांबली.

"पण एक अडचण हाय, ताई. आत घालायची चीज गुंडाळताना तोंडानं म्हणावी लागती. निदान पहिली पट्टी तरी. मुक्यानं न्हाई घालत आम्ही." तिने पट्टी कावेरीपुढे धरली. "मला हे वाचता येत न्हाई. तुमी सांगा, काय लिवलंय."

रवीने तोंड उघडलं. कावेरीने त्याच्याकडे पाहिलं, तसं त्याने ते मिटलं आणि कटिंग मशीनच्या चाकावर हात ठेवून उभा राहिला.

कावेरीने पट्टी हातात घेतली. सपाट माथ्याची अक्षरं, कुणाच्या पोटाखाली कुणी बसलेलं. त्यातलं एकही तिला ओळखू येत नव्हतं. दाराजवळ पाण्याची कळशी होती; ती भरलेली होती. पट्टीच्या कडा ताज्या कापलेल्या होत्या आणि बोटांना धार लागत होती. तिने पट्टीवरून नजर हलवली नाही.

"स्वप्नाली," ती म्हणाली.

आवाज नीट निघाला नव्हता. मागच्या मशीनच्या खटखटीत तो ल्हामोपर्यंत पोचला की नाही कळेना. ल्हामोने कान पुढे केला.

"स्वप्नाली," कावेरीने पुन्हा सांगितलं.

"सोपनाली."

"स्व. स्वप्नाली."

"स्वोपनाली."

"जवळ आलात. ओठ पुढे काढा. स्व."

"स्वप्नाली," ल्हामो म्हणाली आणि पट्टी करंगळीभोवती फिरवली. मग तिने दुसरी पट्टी घेतली, पहिलीच्या शेवटावर ठेवली आणि पुन्हा तेच म्हटलं. तिसरीला तिची जीभ परत अडली. कावेरीने दुसरं स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसली आणि ओच्यातली एक पट्टी स्वतः उचलली. तिने ती सरळ केली, टोकं जुळवली.

"परत म्हणा," ती म्हणाली. "माझ्याबरोबर."

आत ऑफसेट चालूच होतं. रवी आत गेला आणि त्याने ते बंद केलं.